कल्चर निगेटिव्ह, तरी लघवीची जळजळ चालूच: पुढे काय करायचं?

लघवीला जळजळ होते. दर अर्ध्या-पाऊण तासाला जावं लागतं. जाऊन आलं तरी लघवीची पिशवी रिकामी झाल्यासारखी वाटत नाही, ओटीपोट जड राहतं. यूटीआय (लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग) असणार म्हणून लघवी तपासायला दिली जाते आणि कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट येतो, 'नो ग्रोथ'. तरी अँटिबायोटिकचा कोर्स होतो, चार दिवस बरं वाटतं आणि पंधरा दिवसांत परत तेच. पुन्हा रिपोर्ट, पुन्हा 'नो ग्रोथ', पुन्हा दुसरी गोळी. शेवटी कोणीतरी म्हणतं, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, उगाच टेन्शन घेऊ नका."

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते आणि असे 'नो ग्रोथ'चे रिपोर्ट रोज माझ्या हाताखालून जातात. या दोन शब्दांचे दोन चुकीचे अर्थ घेतले जातात. एक म्हणजे, तुम्हाला काहीच झालेलं नाही. दुसरा म्हणजे, जंतू लपून बसलाय, आणखी स्ट्राँग अँटिबायोटिक द्या. रिपोर्ट यातलं काहीच सांगत नाही. त्या दिवशी, त्या नमुन्यातून, आमच्या प्लेटवर नेहमीचे जंतू मोजण्याइतके वाढले नाहीत, एवढंच तो सांगतो. त्रास खरा आहे, त्याचं कारण बहुतेक वेळा सापडतं. मात्र ते क्रमाने शोधावं लागतं. तो क्रम इथे मांडते. हे सगळं मोठ्यांसाठी आहे. लहान मुलांचं वेगळं असतं, त्यांना बालरोगतज्ज्ञांनाच दाखवा.

आधी हे बघा: यात थांबायचं नाही

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ आणि उलट्या, लघवी पूर्ण अडकणं, लघवीत डोळ्यांना दिसणारं रक्त, मग ते एकदाच दिसलं आणि दुखलं नाही तरीही, गरोदरपण, पायांत अशक्तपणा किंवा बसायच्या जागेला बधिरपणा येऊन लघवी-संडासवरचा ताबा जाणं. यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा. शेवटच्या लक्षणात मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

पायरी १: जुने रिपोर्ट काढा आणि नीट वाचा

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. प्रत्येकावर पेनाने लिहा: नमुना देण्याआधी कोणती अँटिबायोटिक घेतली होती, किती दिवस आधी. बऱ्याच वेळा कोडं इथेच थोडं सुटतं, कारण दोन गोळ्या पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात काही वाढलं नाही यात नवल काहीच नाही.

आता कल्चरच्या शेजारचा, म्हणजे रुटीन तपासणीचा कागद बघा. लोक हा कागद वाचतच नाहीत आणि खरी माहिती तिथेच असते.

पस सेल्स (सूज किंवा संसर्ग असला की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी): ०–५ हे साधारण नॉर्मल. १५–२० किंवा त्याहून जास्त पस सेल्स आणि कल्चर मात्र कोरं, हा प्रकार पुन्हा पुन्हा येत असेल तर तो महत्त्वाचा धागा आहे. क्षयरोग, क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग, मुतखडा, अर्धवट झालेला अँटिबायोटिकचा कोर्स किंवा पिशवीच्या अस्तराचा आजार, यांपैकी काहीतरी शोधायला हवं. पस सेल्सही नॉर्मल असतील तर शोध वेगळ्या दिशेने जातो: स्नायू, नसा, हार्मोन, पिशवीची संवेदनशीलता.

आरबीसी (लाल रक्तपेशी): सूक्ष्मदर्शकाच्या दर फील्डला ३ किंवा जास्त असतील, पाळी चालू नसताना, तर यूरोलॉजिस्टना दाखवायलाच हवं.

एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या, अस्तराच्या पेशी) भरपूर असतील किंवा कल्चरमध्ये 'मिक्स्ड ग्रोथ' लिहिलं असेल तर नमुन्यात बाहेरच्या त्वचेचा अंश मिसळलाय. तो रिपोर्ट बाद समजा.

ग्लुकोज: साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीत साखर येणारच, कारण ही औषधं साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. त्यामुळे लघवीला जास्त वेळा जावं लागतं आणि बाहेरच्या भागात बुरशीचा संसर्गही होतो. खाज, लाली, बाहेरच्या बाहेर जळजळ आणि कल्चर कोरं, असं चित्र असेल तर साखरेच्या डॉक्टरांना या औषधाबद्दल विचारा. स्वतःहून बंद करू नका.

पट्टीवरच्या नायट्राइट तपासणीवर फार भिस्त ठेवू नका. एन्टरोकॉकससारखे काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत, आणि जे बनवतात त्यांनाही लघवी पिशवीत साधारण चार तास साठलेली लागते. दर अर्ध्या तासाला जाणाऱ्या बाईच्या लघवीत ते कुठून येणार?

पायरी २: एकदा तरी नमुना नीट द्या

प्लेटवर काय होतं ते सांगते. साधारण १ मायक्रोलिटर लघवी मावेल एवढ्या तारेच्या कडीने आम्ही नमुना प्लेटवर ओढतो आणि ३५ ते ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो. दुसऱ्या दिवशी उगवलेला एक ठिपका म्हणजे एका मिलीत सुमारे १,००० जंतू. म्हणजे तुमच्या लघवीत मिलीला ३००–४०० जंतू असतील तर या कडीने ते बहुधा दिसणारच नाहीत. मिलीला एक लाख जंतू असले तरच संसर्ग, हा जो जुना आकडा आजही वापरला जातो तो १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास यांच्या कामातून आला. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेतल्याच वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या बायकांना जळजळ आणि कळ आहे त्यांच्यात मिलीला १०० जंतूसुद्धा खऱ्या संसर्गाचे असू शकतात. म्हणून त्रास असेल तर लॅबला तसं सांगा, आणि फॉर्मवर डॉक्टरांकडून 'लक्षणं आहेत, कमी संख्याही कळवा' असं लिहून घ्या. हे एक वाक्य फॉर्मवर असलं की नमुना वेगळ्या नजरेने बघितला जातो.

नमुना कसा द्यायचा: कोणतीही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. शक्य तर सकाळची पहिली लघवी, किंवा निदान जमेल तेवढा वेळ धरून ठेवलेली. तपासणीसाठी घाईघाईने तांब्याभर पाणी पिऊन येऊ नका, लघवी पातळ होते आणि जंतूंची संख्याही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, साबण किंवा जंतुनाशक नको. बायकांनी योनीचे ओठ बोटांनी बाजूला धरायचे, पुरुषांनी कातडी मागे घ्यायची. पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत. पांढरं जात असेल तर ते डबीत मिसळणार नाही याची काळजी घ्या. नमुना दोन तासांच्या आत लॅबला पोचवा. ते जमणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. दुपारच्या उन्हात पर्समध्ये फिरलेल्या नमुन्यात पोचेपर्यंत जंतू वाढलेले असतात, मग जे नाही ते दिसतं.

असा दिलेला नमुना कोरा आला, तर त्या 'नो ग्रोथ'ला वजन आहे. अशा रिपोर्टवर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेणं थांबवा. (डॉक्टरांनी दिलेला चालू कोर्स मध्येच सोडायचा असेल तर त्यांना विचारूनच.) "पण गोळी घेतल्यावर बरं वाटतं ना," असं सगळेच म्हणतात. वाटतं खरं. या त्रासाचा स्वभावच चढ-उताराचा आहे, त्या दिवसांत आपण पाणीही जास्त पितो, आणि काही अँटिबायोटिक सूजही थोडी उतरवतात. बरं वाटलं म्हणजे जंतूच होता, असं सिद्ध होत नाही.

पायरी ३: तीन दिवसांची वही

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्या आणि तीन दिवस, रात्रीसकट, प्रत्येक वेळची लघवी मोजून लिहा. शेजारी काय प्यायलात, किती, कळ कितपत होती, दुखलं का, गळली का. वही साधारण अशी दिसते:

६.३० – ३८० मिली – दुखत नाही
७.०० – चहा, १ कप
७.४५ – ७० मिली – घाई, जळजळ
८.३० – ६० मिली – बाहेर पडायचं म्हणून जाऊन आले

तीन दिवसांनी बेरीज करा. एका वेळी २५० ते ४०० मिली आणि दिवसाला दीड-दोन लिटर हे साधारण ठीक. दर वेळी भरपूर आणि एकूण तीन लिटरच्या वर जात असेल तर प्रश्न पिशवीचा नाही, लघवी जास्त बनतेय: साखर, बीपीची लघवी वाढवणारी गोळी, किंवा "भरपूर पाणी प्या" हा सल्ला अतीच मनावर घेणं. दिवसरात्र ६०–१०० मिलीच होत असेल, पिशवी भरत आली की दुखतं आणि करून आल्यावर सुटतं, असं असेल तर पिशवीच्या दुखण्याचा आजार मनात धरायला हवा. रात्री शांत झोप, सकाळी ३८० मिली आणि दिवसा मात्र ६०–७०, असं असेल तर पिशवी भरायला तयार आहे, तिला भरू दिलं जात नाहीये. तिथे अतिसंवेदनशील पिशवी, ओटीपोटाच्या तळाचे आवळलेले स्नायू किंवा सवय यांच्याकडे बघायचं. आणि दर वेळी थोडीच, वर पिशवी भरलेलीच वाटते, तर लघवीनंतर पिशवीत किती उरतं ते सोनोग्राफीत मोजून घ्या.

पायरी ४: दुखतं कुठे?

हा प्रश्न तपासणीत कोणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच उत्तर घेऊन जा. लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की झोंबतं का? मग बाहेरचा भाग तपासून घ्या: बुरशी, कोरडेपणा, त्वचेचा आजार, सुगंधी वॉश किंवा पॅडची ॲलर्जी. आत, धारेबरोबर जळतं? मूत्रमार्ग. धार संपताना किंवा पिशवी भरताना ओटीपोटात कळ? पिशवी, किंवा मूत्रनलिकेच्या अगदी तोंडाशी अडकलेला खडा, जो साध्या सोनोग्राफीत सुटू शकतो. संबंधानंतर वाढतं, बसून वाढतं, बद्धकोष्ठात वाढतं? स्नायू. पाळीच्या दिवसांत दर महिन्याला वाढतं? एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) विचार स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर करा.

पायरी ५: नेहमी सुटणारी कारणं

*पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा.* माझ्या मते बायकांमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात सहज सुधारणारं कारण हेच. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं, संरक्षण करणारे लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात, आम्लता उतरते. मग जळजळ, घाई, संबंधात दुखणं आणि मधूनमधून खरा संसर्गही. योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम, साधारण दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा, हा यावरचा प्रस्थापित उपचार आहे. ते अंगात फारच थोडं शोषलं जातं. फरक दिसायला काही आठवडे ते तीन महिने लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडू नका. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा. हे फक्त पन्नाशीनंतर होतं असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली होती. गर्भपिशवीबरोबर बीजांडकोशही काढले गेले तर तिशीतली बाईही याच अवस्थेला येते, आणि तिच्या जळजळीला कोणी हे नाव देत नाही. बाळाला पाजणाऱ्या आईलाही हा कोरडेपणा येतो.

*मूत्रमार्गाचा क्षयरोग.* आपल्याकडे हा विसरून चालणार नाही. पस सेल्स महिनोन्‌महिने, कल्चर कोरं, घाई वाढत जाणारी, कधी आरबीसी, कधी बारीक ताप आणि वजन घटणं. क्षयाचा जंतू आमच्या रोजच्या प्लेटवर रात्रभरात उगवतच नाही. त्यासाठी सलग ३ ते ५ दिवस सकाळची पहिली पूर्ण लघवी द्यावी लागते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासण्या) आणि क्षयाचं वेगळं कल्चर होतं, त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. दर वेळी लिव्होफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन घेणं इथे विशेष वाईट: ती औषधं क्षयाच्या जंतूलाही थोडी दाबतात आणि निदान लांबतं. तोवर पिशवी आकसत जाते, मूत्रनलिका चिंचोळ्या होतात.

*लैंगिक संसर्ग.* क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम, गोनोरिया हे नेहमीच्या लघवी कल्चरमध्ये येत नाहीत. यासाठी उलट पहिली धार लागते, तासभर लघवी न करता घेतलेली पहिली २०–३० मिली, आणि तपासणी पीसीआरची, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधायची. बायकांमध्ये योनीतला स्वॅबही चालतो. निघाला तर दोघांनी एकत्र उपचार घ्यायचे, नाहीतर परत होतो. लाजेपायी हा प्रश्न डॉक्टरही टाळतात. तुम्ही टाळू नका.

*पिशवीच्या दुखण्याचा आजार.* इंटरस्टिशियल सिस्टायटिस या नावाने ओळखला जातो. सहा आठवड्यांहून जास्त काळ पिशवीशी जोडलेलं दुखणं, दाब किंवा अस्वस्थपणा, लघवीच्या तक्रारींसह, आणि संसर्ग किंवा दुसरं कारण नाही, अशी त्याची व्याख्या अमेरिकन यूरोलॉजिस्टांची संघटना करते. काहींच्या पिशवीत दुर्बिणीतून लाल चट्टे दिसतात. १९१५ च्या सुमारास बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना हनरचे चट्टे म्हणतात. चट्टे असतील तर ते जाळून किंवा तिथे इंजेक्शन देऊन चांगला आराम पडतो, म्हणून दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलू नका. चट्टे नसतील तर आहार, स्नायूंची फिजिओथेरपी, रात्री कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन, पिशवीत सोडायची औषधं, असं टप्प्याटप्प्याने जातात. पेन्टोसन नावाची गोळी दीर्घकाळ द्यायची असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो, हे आवर्जून विचारा.

आहारात दोन आठवडे चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, दारू, टोमॅटो, चिंच, लिंबू आणि हिरवी मिरची बंद करून बघा आणि मग एकेक पदार्थ तीन-तीन दिवसांनी परत आणा. आमटीत चिंचेऐवजी एखाद-दुसरं आमसूल चालतं का तेही असंच तपासा. सगळ्यांना सगळंच बाधत नाही. आयुष्यभर अळणी खायची गरज नसते.

*आवळलेले तळाचे स्नायू.* धार सुरू व्हायला वेळ, तुटक धार, बद्धकोष्ठ, संबंधात दुखणं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळून राहिले की पिशवीला खोटी घाई लागते. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुतारी मिळावी म्हणून. भाजीवाल्या, शिक्षिका, बस कंडक्टर, पोलीस, तासन्‌तास लघवी दाबून काम करणाऱ्या बायका प्रत्येक शहरात आहेत. घाणेरड्या कमोडवर अधांतरी राहून केलेली लघवीही पूर्ण होत नाही, कारण मांड्या ताणलेल्या असताना तळाचे स्नायू सुटत नाहीत. अशांना यूट्यूबवर बघून केगेल (तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) करायला सांगणं चूक आहे. आवळलेल्याला आणखी आवळायचं नसतं. पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे या तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. तोवर रोज दहा मिनिटं पाठीवर, गुडघे वाकवून झोपा आणि पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्या, श्वास घेताना खालचा भाग सैल सोडा. लघवीला नीट टेकून किंवा पूर्ण उकिडवं बसा, कुंथू नका.

*पुरुषांसाठी.* पन्नाशीनंतर प्रोस्टेट आणि पिशवीत उरणारी लघवी आधी बघा. तरुण वयात अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत दुखणं, वीर्यपतनानंतर दुखणं, तीन महिन्यांहून जास्त, असं असेल तर प्रोस्टेटायटिसचा (प्रोस्टेट ग्रंथीची सूज) तो प्रकार असतो ज्यात बहुसंख्य वेळा जंतू नसतोच. तिथेही अँटिबायोटिकच्या माळा लावल्या जातात आणि उपयोग स्नायूंच्या उपचाराने जास्त होतो.

*आणि कर्करोग.* घाबरवायला लिहीत नाही, पण पिशवीच्या अस्तरातला एक प्रकारचा कर्करोग नुसत्या जळजळीने आणि घाईने सुरू होतो. वय चाळीसच्या पुढे, विडी-सिगारेट, रंग किंवा रबराच्या कारखान्यातलं काम, लघवीत आरबीसी: यातलं काही असेल तर दुर्बिणीची तपासणी आणि लघवीची सायटोलॉजी (पेशींची तपासणी) मागून घ्या.

लपलेल्या जंतूचं काय?

नेहमीच्या कल्चरला न सापडणारा जंतू पिशवीत लपून राहतो, असं इंटरनेटवर वाचलं असेलच. २०१४ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी जास्त लघवी, जास्त दिवस आणि वेगवेगळ्या हवेत वाढवून दाखवलं की 'नो ग्रोथ' म्हटलेल्या बऱ्याच नमुन्यांत जिवंत जंतू असतात. लघवी निर्जंतुक असते हा समज तिथे मोडला. लंडनमध्ये प्राध्यापक जेम्स मलोन-ली यांनी पिशवीच्या पेशींत शिरलेल्या जंतूंवर महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन उपचार केले. अनेक रुग्णांना गुण आला, पण त्याला मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचा आधार नसल्याने वाद कायम राहिला. माझं मत सांगते. काही रुग्णांत हे खरं असणार. पण त्याच नव्या तपासण्यांत ज्यांना काहीच त्रास नाही अशा बायकांतही जंतू सापडतात. म्हणून महागड्या पीसीआर पॅनेलमध्ये चार नावं निघाली की चार औषधं, हा मार्ग धोक्याचा आहे. वरची सगळी कारणं तपासून झाल्यावर, यूरोलॉजिस्टशी बोलून, ठरावीक मुदतीसाठी असा प्रयोग करायचा की नाही ते ठरवा.

पायरी ६: डॉक्टरांकडे जाताना

बायकांनी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आतली तपासणी करून घ्यावी: कोरडेपणा, पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, तळाचे स्नायू दाबल्यावर दुखतात का. मग यूरोलॉजिस्ट. पुरुषांनी थेट यूरोलॉजिस्ट. बरोबर फाइल, तीन दिवसांची वही, चालू औषधांची यादी, आणि एका कागदावर चार ओळी: कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, काय घेऊन झालं.

विचारायचे प्रश्न: लघवीनंतर पिशवीत किती उरतंय? पस सेल्स आहेत तर क्षय आणि क्लॅमिडिया तपासायचे का? माझ्या वयाला इस्ट्रोजेन क्रीम चालेल का? खडा सोनोग्राफीत सुटला असेल तर सीटी लागेल का? दुर्बीण कधी? एका भेटीत सगळं होणार नाही. दर भेटीला निदान एक शक्यता पक्की किंवा बाद व्हायला हवी; तसं होत नसेल तर दुसरं मत घ्यायला संकोच करू नका.

दरम्यान घरी

पाणी दिवसभरात विभागून, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली घ्यायला हरकत नाही, आराम वाटतो. पण किडनीचा आजार असेल तर नारळपाणी आणि लघवी अल्कली करणारी सिरप विचारल्याशिवाय नको, त्यांतलं पोटॅशियम किंवा सोडियम बाधू शकतं. लघवी केशरी करणारी जळजळीची गोळी दोन दिवसांच्या वर स्वतःहून घेऊ नका, आणि तपासणीच्या दिवशी तर नाहीच, पट्टीचे रंग चुकतात. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी बहुतेकांना मानवते. पोट रोज साफ राहील हे बघा. दिवसा वरचेवर जायची सवय झाली असेल आणि दुखत नसेल, तर दोन वेळांमधलं अंतर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्या. दुखत असेल तर धरून ठेवायचा हट्ट करू नका.

त्रास अचानक उसळला की गोळीच्या आधी नमुना. लॅबकडून मिळालेल्या एक-दोन निर्जंतुक डब्या घरात आणून ठेवा, म्हणजे रविवारी रात्री उसळला तरी नमुना घेऊन फ्रीजमध्ये ठेवता येईल आणि सोमवारी सकाळी लॅब उघडताच देता येईल. डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.